रोहिणीचा खण

१८ डिसेंबर, बुधवार

आज पुन्हा सगळे खण उपसले. लोखंडी कपाटाचे, शोकेसखालचे, शिलाई मशीनचासुद्धा. मशीनच्या खणात बॉबिनी, गंजलेली कात्री आणि कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात. वेदिकाचा असणार. नातीचा दात इतका जपणारी बाई स्वतःचं मृत्युपत्र कुठे ठेवेल? विचार करायचा तो बाजूला राहिला, मी दाताकडेच बघत बसलो. संध्याकाळ झाली.

कुसा गेली त्याला पंधरवडा झाला. धाकटी बहीण माझ्याआधी गेली. तेराव्यानंतर मी इथेच राहिलोय, एकलहऱ्याजवळच्या तिच्या घरात. नाशिकला जेलरोडवर राहणाऱ्या माझ्या मुलाला सांगितलंय, दोन-चार दिवसांत येतो. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. कुसाला त्यांचा राग, रोज गच्चीवरची राख झाडायची. मला बऱ्या वाटतात. शाळेत ओळीनं उभ्या राहिलेल्या उंच पोरांसारख्या.

तिचे शब्द इथे लिहून ठेवतो, नाहीतर माझ्या डोक्यात ते हळूहळू बदलत जातील. दवाखान्यात तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. तिचा थोरला मुलगा शेखर पायथ्याशी उभा होता. त्याच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "कपाटदादा, तो जुना कागद सोड. नवा केलाय. रोहिणीचा खण बघ."

मग मास्क. मग काही नाही.

कपाटदादा! हे नाव तिनं कैक वर्षांत घेतलं नव्हतं. लहानपणी चिडवायची. का ते आता नीट आठवत नाही, शाळेतलंच काहीतरी. पण कपाट म्हणाली, खण म्हणाली. माणसानं आणखी स्पष्ट काय सांगायचं?

२० डिसेंबर, शुक्रवार

शेखर आणि त्याची बायको संजना आले. शेखरनं जुन्या मृत्युपत्राची प्रत टेबलावर ठेवली. नोंदणी केलेलं, शिक्क्यांचं. त्यात व्यवस्थापक म्हणून माझं नाव आहे. वाटणी मी करायची, सही माझी.

स्वतःला नीट समजावं म्हणून लिहितो. त्या कागदाप्रमाणे हे घर शेखरचं आणि कळवणची शेती धाकट्या नवनाथची. तेव्हा ते न्याय्य होतं. नंतर नवनाथ आजारी पडला. त्याच्या उपचारासाठी ती शेती कुसानं विकली. शेतीही गेली, नवनाथही गेला. आता कागदाप्रमाणे त्याच्या बायकोला, रोहिणीला, मिळते ती शेती — जी नाही. म्हणजे शेखरला घर, आणि रोहिणीला न् तिच्या वेदिकाला रस्ता. रोहिणीचं माहेर पेठकडे. भावाच्या दोन खोल्या, त्यात पाच माणसं. वेदिकाची दहावीची परीक्षा तोंडावर.

शेखर वाईट नाही. नवनाथसाठी त्यानंही मुंबईच्या खेपा घातल्या. पण आता घराला गिऱ्हाईक आलंय आणि तो थांबायला तयार नाही. म्हणाला, मामा, आई गुंगीत होती हो, गुंगीत माणूस काहीही बोलतं. तिनं मला तर बंड्या म्हणून हाक मारली होती, आता बंड्याला शोधायला जाऊ का?

संजना चहा घेऊन आली. म्हणाली, "पण रोहिणीचं काय—"

"तू साखर बघ," शेखर म्हणाला. "कमी आहे."

साखर बरोबर होती.

२१ डिसेंबर

देव्हाऱ्याचा खण राहिला होता. उदबत्त्या, कापूर, वाती. बस्स.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं.

शेखर सकाळीच आला. म्हणाला, आई 'रोहिणीचा खण' म्हणाली ना, मीही ऐकलंय, मग रोहिणीचा खण सोडून सगळ्या घरात का शोधताय? बोलणं खरं होतं. तिच्या खोलीतल्या कपाटाला मी हात लावला नव्हता. बाईमाणसाच्या कपाटाला कसा लावणार?

रोहिणी अंगणवाडीत निघाली होती. तिथे ती मदतनीस आहे. पर्स खांद्यावरून काढली, आत गेली आणि खण पूर्ण ओढून बाहेरच घेऊन आली. पलंगावर पालथा केला. नवनाथचा चष्मा. त्याचं घड्याळ, बंद पडलेलं. दवाखान्याच्या फायली, पावडरचा डबा, वेदिकाची जुनी रिबीन. रिकामा खण तिनं उलटा करून बुडाला थापटून दाखवला. म्हणाली, "भाऊजी, अजून काय बघायचं राहिलं असेल तर आत्ताच सांगा. मला उशीर होतोय."

शेखर खाली बघत होता. मी चष्म्याकडे. तिच्याकडे कोणीच बघितलं नाही.

जाता जाता शेखर मला म्हणाला, असता कागद तर हिनंच नसता का काढला? त्याचं हेही खरं. त्याचं सगळंच खरं असतं, आणि मला त्याला उत्तर सुचतं ते तो गेल्यावर. तेही गद्यात नाही सुचत. शाळेतल्या कवितांच्या चाली तोंडात येतात. चालींनी काय होणार!

२९ डिसेंबर, रविवार

शेजारचे मोतीराम फाटकाशी थांबले. कुसाचे मालक हयात होते तेव्हा त्यांच्याबरोबर वीजकेंद्रात कामाला होते. म्हणाले, मामा, ऐकलं तुम्ही कायतरी हुडकताय. एका कागदावर मी सही केली होती. मी आणि आमच्या सिंधूनं, दोघांनी.

मी त्यांचा हातच धरला. कधी? मागच्या संक्रांतीच्या आसपास. काय होतं त्यात?

"ते कसं सांगू? वर सकाळचा पेपर पसरला होता. मी म्हटलं, वैनी, वाचू तरी द्या. म्हणे, मोतीरामभाऊ, सही करायला वाचावं लागत नाही. ब्यांकेत वाचता का?"

त्यांनी पेपर मात्र वाचला होता, म्हणाले. पाणीकपातीची बातमी होती.

म्हणजे आहे! कुसा गुंगीत नव्हती. कागद आहे, सह्या आहेत. नाही तो फक्त सापडण्याच्या जागी.

३ जानेवारी, शुक्रवार

कोर्टासमोर वकिलांकडे गेलो. तरुण आहेत, चांगले बोलले. म्हणाले, नंतरचा कागद साधा असला, नोंदणीचा नसला, तरी दोन साक्षीदार असले की जुन्यावर चालतो. मी उठलोच खुर्चीतून. ते म्हणाले, बसा आजोबा, पण कागद आणा. मजकूर माहीत असलेला एक तरी माणूस आहे का? नाही. मग न्यायाधीशांना काय सांगायचं, पाणीकपात होती म्हणून?

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कुसा आणि मी लहानपणी कळवणला आठवडे बाजाराला जायचो ते आठवत राहिलं. एक थांबा पुढे गेलो. चालत परत आलो.

९ जानेवारी

कागद नाही. ओळी मात्र सुचल्या.
*चिमणीमागून चंद्र उगवतो,*
*राख पुसून मग तोंड दाखवतो.*
वेदिकाला वाचून दाखवल्या. म्हणाली, आजोबा, दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे. बोटांवर मोजून दाखवलं. बरोबर आहे तिचं. यात माझा सगळा दिवस गेला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

क्रमानं लिहितो.

यंदा आपल्या घरी सण नाही. तरी शेजारधर्म म्हणून सिंधुबाई, मोतीरामांच्या मंडळी, तीळगूळ द्यायला आल्या. वेदिकाला हळदीकुंकू लावलं. रोहिणीच्या तळहातावर नुसता तीळगूळ ठेवला. कुंकवाचं बोट मधेच थांबलं, मागे गेलं. रोहिणी हसली आणि आत गेली. तिला सवय आहे.

सिंधुबाईंना वाईट वाटलं असावं. मला म्हणाल्या, "कुसाबाई असत्या तर हिचा खण आज काढून ठेवला असता."

मी विचारलं, काय ठेवला असता?

"खण, मामा. चोळीचा खण! नवनाथ गेल्यापासून हिची ओटी कोण भरतंय? कुसाबाई स्वतः तशाच, त्यांना भरता येईना. मग दर संक्रांतीला एक नवा खण घ्यायच्या, हिच्या नावाचा म्हणून बाजूला ठेवायच्या. म्हणायच्या, कोणाला तरी बुद्धी होईल की कधीतरी."

रोहिणीचा खण.

आणि मग सगळं आठवलं, एकदम, पावसात पाखरं उठावीत तसं. कळवणची शाळा. एकच खोली, चौथीत मी, दुसरीत कुसा, गुरुजी एकच. गुरुजींच्या लाकडी कपाटाला खण होते आणि मधल्या खणात कवितांचं पुस्तक. तो खण उघडायचा आवाज आला की मी पाठ ताठ करून बसायचो. त्या दिवशी भाऊबिजेची कविता होती. बहीण म्हणते, मला दुसरं काही नको, भाऊराया, एक खण आण. गुरुजींनी मला उभं केलं. बहीण काय मागते? मी म्हणालो, कपाटाचा खण, गुरुजी! खरंच वाटलं होतं मला. यापेक्षा मोठं कोणी काय मागणार? सगळी खोली हसली. दुसरीच्या रांगेतून कुसाचा आवाज सगळ्यांच्या वर: "आमना दादा येडा शे!" तेव्हापासून कपाटदादा.

मला त्या कवितेची चाल आठवते. गुरुजींचा खोकला, कौलांतून पडणारा उन्हाचा कवडसा, सगळं आठवतं. फक्त मी चुकलो होतो हे आठवत नव्हतं!

शेखर पायथ्याशी उभा होता. येईल तेव्हा कपाटं उघडून बघायची त्याची सवय तिला ठाऊक होती. चोळीच्या खणाला तो हात लावणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून तिनं मला त्या नावानं हाक मारली. म्हणजे, दादा, यावेळी तरी कपाटात जाऊ नको. आणि मी महिना-दीड महिना कपाटातच होतो.

यापुढचं लिहायला धीर होत नाही.

तेराव्याच्या दुपारी संजनानं कुसाच्या साड्या आणि खण चटईवर काढले होते. मला विचारलं, मामा, बायका आल्यात, वाटून टाकू का? मी जुना कागद हातात घेऊन बसलेला व्यवस्थापक. म्हणालो, कापडाला काय विचारायचं, वाट की!

सगळ्या सवाष्णींना एकेक खण गेला. रोहिणीला अर्थात नाही.

१५ जानेवारी, बुधवार

इंदिरानगरला संजनाकडे गेलो. शेखर घरातच होता, आतल्या खोलीत फोनवर. मी हळू आवाजात विचारलं. तिनं आठवून आठवून सांगितलं: सिंधुबाई, भांडी घासणाऱ्या चांगुणाबाई, कळवणच्या दोघी, कॉलनीतल्या चार-पाच. आणि स्वतःला एक, हिरवा, जांभळ्या काठाचा.

तो बघू, म्हणालो.

ती क्षणभर आतल्या दाराकडे बघत राहिली. "तो शिवायला टाकलाय, मामा."

मग तो नव्हेच. शिंप्यानं कापड उलगडलं की कागद पडलाच असता. खोडला.

२० जानेवारी, सोमवार

म्हातारा पुरुष बायकांच्या दारात उभा राहून विचारतो, तुमच्याकडे आमच्या बहिणीचा खण आहे का? एकीनं मला पाणी दिलं आणि आत जाऊन मुलाला बोलावून आणलं.

सिंधुबाईंनी सांगितलं ते भलतंच. "खण कोणी ठेवतं होय, मामा? आला तसा जातो. घडीसुद्धा कोणी मोडत नाही." खरंच. माझी बायको होती तेव्हा हेच चालायचं. इकडून आलेला खण तिकडच्या ओटीत. तोच खण वर्षभरानं फिरून घरी आला तर ओळखून हसायची. घडीत पुठ्ठा असतो, कागद असतो. हाताला लागला तरी कोण बघतंय? आणि आता तर हळदीकुंकवाचे दिवस, रथसप्तमीपर्यंत. कुसाचं मृत्युपत्र या घटकेला कोणाच्या तरी ओटीत, नारळ आणि मूठभर तांदळासोबत, नाशिकभर फिरतंय.

सिंधुबाईंचा खण पेठला त्यांच्या बहिणीकडे गेला. बहिणीनं तो कोणा मास्तरणीला दिला. मास्तरणीची बदली झाली.

२३ जानेवारी

चांगुणाबाईंनी त्यांचा खण तसाच ठेवला होता. स्वतः घेऊन आल्या. माझ्यासमोर घडी उलगडली. पुठ्ठा होता. मी तो पुठ्ठासुद्धा उन्हात धरून बघितला. त्या म्हणाल्या, "मामा, यात असतं तर लय बरं झालं असतं बघा." आणि जाताना खण रोहिणीजवळ ठेवून गेल्या. म्हणे, तुझ्याच सासूचा आहे, तुझ्याकडे राहू दे.

रोहिणीनं तो बराच वेळ हातात धरला होता.

२७ जानेवारी, सोमवार

कळवणला जाऊन आलो. दोन्ही खण मिळाले, दोन्ही कोरे. शाळेवरून आलो. ती खोली आता नाही, तिथे नवी इमारत आहे. रंगीत. खिडकीतून डोकावलो तर शिपाई म्हणाला, कोण पायजे बाबा? मी एस.टी.च्या थांब्याकडे वळलो.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेखर आला तो उभाच राहिला. कॉलनीभर झालंय म्हणे, मामा दारोदार ब्लाउजपीस मागत फिरतात. "माझी लाज काढलीत. आईची काढलीत." मग हळू म्हणाला, मामा, तुम्ही थकलात. मीही थकलोय. बुधवारी अकराला गाडी घेऊन येतो. वकिलाकडे जाऊ, सही करा. रोहिणीला परीक्षेपर्यंत राहू देतो, मी काही राक्षस नाही.

संजना सोबत आली नव्हती. बरं नाही म्हणाला.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणायचं होतं? जो कागद आहे तो त्याच्या बाजूचा. माझ्याजवळ आहे तो शब्द, तोही मला कळायला उशीर झालेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

रोहिणीनं वरच्या फळीवरची भांडी उतरवून खोक्यात भरायला घेतली. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत आहेस ना? म्हणाली, मोठी भांडी आधी निघालेली बरी, मग एकदम जड होत नाही.

मी एक पातेलं पुसून दिलं.

"मामा, करा तुम्ही सही," ती म्हणाली. "मला नव्हतं माहीत आई माझ्या नावानं खण घ्यायच्या. तुम्ही शोधत फिरलात म्हणून कळलं. मला तेवढं झालं."

तेवढं झालं! तिला झालं असेल. मला व्यवस्थापक केलं होतं. कुसाला सगळ्या गोतात मीच मिळालो होतो. ज्याला बहिणीचा खण म्हटलं की कपाट दिसतं.

वेदिका आतल्या खोलीत मोठ्यानं कविता पाठ करत होती. चाल नवीन आहे. मी ऐकत होतो. पहिल्यांदाच सोबत म्हणावंसं वाटलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

चारच्या सुमाराला संजना रिक्षातून उतरली. एकटी. हातात ताट, वर रुमाल. घरात येऊन पाट मांडला. म्हणाली, रोहिणी, बस. मी म्हटलं, अगं, अजून वर्ष झालं नाही. म्हणाली, मामा, आईंचीच ही इच्छा होती. तिनं रोहिणीच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट थांबलं नाही. "पदर धर." नारळ, तांदूळ आणि हिरवा खण, जांभळ्या काठाचा.

घडी मोडून पुन्हा घातलेली होती. इस्त्रीची रेघ जुळत नव्हती.

"शिंप्याकडे दिलाच नव्हता, मामा," ती म्हणाली. "तुम्ही विचारून गेलात आणि मी उघडला. तेव्हापासून तांदळाच्या डब्यात होता."

मी घडी उलगडली, आत कागद. कुसाचं अक्षर. खाली मोतीराम, सिंधुबाई. घर दोन्ही सुनांचं, अर्धं अर्धं. मुलाचं नाव कुठेच नाही. आणि नावांच्या मागेही काही नाही, ना सौ., ना श्रीमती. नुसतं संजना. नुसतं रोहिणी.

उद्या अकराला शेखर येईल. संजना आज इथेच राहिली आहे. दार ती उघडणार आहे.